लाईट गेल्यावर कूलर चालेल का? घरच्या इन्व्हर्टरचा बरोबर क्रम

मार्च सरला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत इन्व्हर्टरची विचारपूस वाढते, आणि बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. शेजारी आहे तेवढीच बॅटरी घरात येते. मग ती ठेवायला कोपरा शोधतात. मग इलेक्ट्रिशियन त्याला सोपे पडतील ते पॉइंट जोडून जातो. कूलरचा विचार होतो तो थेट पहिल्यांदा लाईट गेल्यावर. तासाभरात इन्व्हर्टर ओरडायला लागला की दोष बॅटरीवर येतो.

आधी भार, मग माप, मग जागा, मग वायरिंग आणि शेवटी वापर, असा क्रम धरा. इन्व्हर्टर आधीच बसलेला असेल तरी पहिल्या पायरीपासूनच वाचा. बहुतेक घरांत चूक तिथेच सापडते.

पायरी १ : भार कागदावर मांडा

लाईट गेल्यावर खरोखर एकाच वेळी काय चालणार, तेवढंच लिहा. घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी नको. साधारण आकडे असे: जुना छताचा पंखा ७० ते ७५ वॅट, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) ३० च्या आसपास, एलईडी बल्ब ९, एलईडी ट्यूब २०, वायफायचा राउटर १०, ३२ इंची टीव्ही ५० ते ६०, लॅपटॉप ६५.

कूलरचा आकडा मात्र अंदाजाने धरू नका. प्लास्टिकचा छोटा पर्सनल कूलर १०० ते २०० वॅटमध्ये बसतो. आपल्याकडे खिडकीला लावतात त्या मोठ्या पत्र्याच्या कूलरची मोटर ३०० च्या पुढेही जाते, आणि स्थानिक कारागिराने बनवलेल्या कूलरवर वॅट लिहिलेले असतीलच असं नाही. ते मोजण्याची सोय तुमच्या घराबाहेरच्या मीटरवर आहे.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टर असेल तर त्याची पिनसुद्धा काढा, कारण त्याचं चार्जिंगही मीटरवर दिसतं. मग फक्त कूलर पंपासकट चालू करा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्या संख्येला ६० ने गुणा आणि ३२०० ने भागा, म्हणजे किलोवॅट मिळतात. मिनिटाला १६ वेळा लुकलुकला तर ०.३ किलोवॅट, म्हणजे ३०० वॅट. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा छापलेला असेल तर ३२०० ऐवजी तो घ्या.

तपासणी: यादी दोनदा करा, एक दिवसाची आणि एक रात्रीची. शिवाय आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-जावई, नातवंडं आली की घरात किती पंखे चालतात तेही मांडा. इन्व्हर्टर दगा देतो तो नेमका त्याच आठवड्यात, कारण रोज दोन पंखे ओढणाऱ्या बॅटरीवर एकदम पाच येतात.

पायरी २ : काय जोडायचं नाही ते आधीच ठरवा

इस्त्री, गिझर, इंडक्शन शेगडी, पाणी तापवायचा रॉड, टोस्टर हे थेट बाद. तापणारी वस्तू आणि घरगुती इन्व्हर्टर यांचं जमत नाही. एसी नेहमीच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालत नाही.

पाण्याच्या मोटरीचा मोह मोठा असतो. एक एचपीची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास खाते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट करंट मागते. नळ येण्याची वेळ आणि लाईट जाण्याची वेळ एकच असते ही खान्देशातल्या कितीतरी गावांची अडचण आहे, मला मान्य आहे. पण त्यावर उपाय गच्चीवरची मोठी टाकी हा आहे. इन्व्हर्टरवर मोटर चालवण्याच्या नादात इन्व्हर्टर जातो.

फ्रिजचंही तसंच. चालू असताना तो दीड-दोनशे वॅटच घेतो, म्हणून लोकांना वाटतं चालेल. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला पेलत नाही. दोन-तीन तास लाईट नसेल तर फ्रिज बंदच राहू द्या आणि दार उघडू नका. उन्हाळाभर फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवल्या की थंडावा जास्त टिकतो.

मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो. वाटण करायचंय आणि लाईट नाही, तर थांबा.

घरात कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर त्याची सोय वेगळ्या इन्व्हर्टरवर करा आणि सोबत भरलेला सिलिंडर ठेवा. त्या लाईनवर दुसरा एक बल्बही नको.

पायरी ३ : कूलरचा निकाल लावा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, तेव्हा नुसता पंखा गरम हवाच फिरवतो. म्हणून खान्देशात इन्व्हर्टरचा प्रश्न म्हणजे कूलरचाच प्रश्न. रात्रीचं एक साधं घर धरा: दोन जुने पंखे १५० वॅट, एक बल्ब ९, राउटर १०. झाले १६९. त्यात १८० वॅटचा कूलर आला की ३४९.

१५० एएचची (अँपियर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. हा १५० चा आकडा वीस तासांत सावकाश बॅटरी उतरवली तर मिळणारा असतो. भराभर ओढली की बॅटरी त्याहून बरंच कमी देते, आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो. त्यामुळे ३५० वॅटच्या भाराला हजार वॅट-तासांच्या आसपास हाती येतात, म्हणजे जेमतेम तीन तास. कूलर काढला तर तीच बॅटरी सात तासांच्या जवळ जाते, कारण भार निम्मा झाला आणि बॅटरीही सावकाश उतरली.

आता दोन जुन्या पंख्यांच्या जागी बीएलडीसी पंखे लावा. पंख्यांचे १५० वॅट ६० वर येतात, आणि कूलरसकट एकूण भार २६० च्या आत राहतो. म्हणजे सुमारे चार तास. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो. बॅटरी चार-पाच वर्षांत पुन्हा घ्यावी लागते, पंखा त्याहून जास्त टिकतो आणि रोजच्या बिलातही वाचवतो.

मोठा पत्र्याचा कूलर ३०० वॅटच्या वर निघाला तर तो मेन लाईनवरच ठेवा. इन्व्हर्टरसाठी १०० ते १५० वॅटचा लहान कूलर घ्या आणि लाईट गेल्यावर सगळ्यांनी एकाच खोलीत झोपा. दोन खोल्यांत दोन कूलर एका बॅटरीवर चालत नाहीत.

इशारा. लाईट गेली आहे म्हणून पत्र्याच्या कूलरच्या पाण्यात हात घालू नका. तो इन्व्हर्टर लाईनवर असेल तर त्यात २३० व्होल्ट तसेच आहेत. पाणी भरताना, गवताच्या जाळ्या बदलताना, पंप साफ करताना आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच हात. कूलरला तीन पिनांचीच वायर हवी आणि अर्थिंग खरं हवं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता.

पायरी ४ : इन्व्हर्टर आणि बॅटरीचं माप

इन्व्हर्टरवर व्हीए (व्होल्ट-अँपियर) लिहिलेलं असतं, तुमची यादी वॅटमध्ये आहे. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरकडून ७०० वॅटच्या आसपासच धरा, आणि त्यातही रोजचा भार तीन चतुर्थांशाच्या वर नको. ४०० ते ५०० वॅटच्या घराला ९०० ते ११०० व्हीए पुरतो. त्याहून मोठा घेऊन बॅटरी एकच ठेवली तर वेळ वाढत नाही, कारण वेळ बॅटरीवर ठरतो.

साइन वेव्हच घ्या, म्हणजे मेनसारखीच वीज देणारा. स्क्वेअर वेव्ह स्वस्त पडतो, पण त्यावर पंखा गुणगुणतो आणि कूलरची मोटर व पंप तापतात. ज्या घरात कूलर इन्व्हर्टरवर आहे तिथे स्क्वेअर वेव्ह घेणं म्हणजे मोटर जाळायची तयारी.

बॅटरी उभ्या नळ्यांची, म्हणजे टॉल ट्यूब्युलर घ्या. रोज दोन-तीनदा लाईट जाणाऱ्या गावात सपाट प्लेटची बॅटरी लवकर थकते. बॅटरीवर छापलेला महिना-वर्ष दुकानातच वाचा. गोदामात बराच काळ पडून राहिलेली बॅटरी पहिल्या दिवसापासून कमी देते.

पायरी ५ : जागा

खान्देशात बॅटरी मरते ती बहुतेक उष्णतेने. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं, आणि सततचं तापमान १० अंशांनी वाढलं की ते साधारण निम्म्यावर येतं. म्हणून गच्चीवरची जिन्याची खोली, पत्र्याचं शेड आणि दुपारचं ऊन खाणारी पश्चिमेची भिंत या तिन्ही जागा बाद. दुर्दैवाने बहुतेक घरांत बॅटरी याच तीन जागी असते, कारण घरात "अडचण होते".

तळमजल्यावर, सावलीत, हवा खेळती असलेल्या ठिकाणी ठेवा. जिन्याखालची जागा चालते, पण तिला दार लावून कोंडू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून देवघराजवळ, गॅसच्या शेगडीजवळ, झोपायच्या बंद खोलीत बॅटरी नको. इन्व्हर्टर बॅटरीच्या थेट वर फळीवर ठेवू नका. वाफेने त्याचे आतले भाग गंजतात. बाजूला ठेवा, आणि दोघांमधली वायर कंपनीने दिली तेवढीच राहू द्या. १२ व्होल्टच्या बाजूने ६०० वॅटला साठ अँपियरच्या वर करंट जातो. त्या वायरला जोड देऊन लांबवली तर जोड तापतो.

पायरी ६ : वायरिंग

हे काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण काय करून घ्यायचं ते तुम्हाला माहीत हवं. पहिल्या पायरीतली यादी त्याच्या हातात द्या.

सगळ्यात जास्त गैरसमज एका गोष्टीचा आहे. लाईट असतानाही इन्व्हर्टर लाईनचा सगळा करंट इन्व्हर्टरमधूनच जातो. त्या लाईनवरच्या सॉकेटला इस्त्री लावली तर लाईट चालू असली तरी इन्व्हर्टरच्या आतला रिले (मेन आणि बॅटरी बदलणारा स्विच) भाजतो. म्हणून या लाईनवर मोठा १६ अँपियरचा सॉकेट ठेवूच नका. टीव्ही, चार्जर आणि लहान कूलरला पुरतील एवढे ६ अँपियरचे मोजके सॉकेट ठेवा आणि त्यांवर रंगीत खूण करा, म्हणजे पाहुणेही चुकणार नाहीत.

इन्व्हर्टर लाईन वेगळी ओढा आणि तिला स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) द्या. पंखे-दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि इन्व्हर्टरच्या इनपुटला २.५ ची, हे ठीक माप आहे.

न्यूट्रलकडे स्वतः लक्ष द्या. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल (आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात), तर इन्व्हर्टरचं इनपुट आणि त्या लाईनवरच्या दिव्या-पंख्यांचं न्यूट्रल एकाच आरसीसीबीमधून यायला हवं. फेज एकामधून आणि न्यूट्रल दुसऱ्यामधून आलं की आरसीसीबी सारखा पडतो. मग कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो, आणि ही चूक जिवावर बेतते.

थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरात इन्व्हर्टर लाईन एकाच फेजवर ठेवा. एका बोर्डात दोन वेगवेगळे फेज आले तर त्यांच्यात ४०० व्होल्टच्या वर दाब असतो.

इशारा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर घेऊन इन्व्हर्टरचं आउटपुट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालणं कधीही करू नका. घराचा मेन स्विच चालू राहिला तर तुमची वीज बाहेरच्या तारेवर जाते, आणि खांबावर महावितरणचा वायरमन काम करत असतो.

इशारा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर लाईन जिवंत असते. बल्ब होल्डर, बोर्ड किंवा पंख्याला हात लावण्याआधी इन्व्हर्टर बंद करा आणि टेस्टरने खात्री करा. मेन स्विचजवळ "या घरात इन्व्हर्टर आहे" अशी चिठ्ठी चिकटवा. पुढे काम करायला येणाऱ्या माणसासाठी ती आहे.

पायरी ७ : जोडणी आणि पहिलं चार्जिंग

अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना एकदम दोन्ही टर्मिनलला लागला तर ठिणगी उडते आणि पाना लाल होतो, म्हणून त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. इन्व्हर्टर बंद ठेवून आधी लाल वायर पॉझिटिव्हला, मग काळी निगेटिव्हला. काढताना उलटं, आधी काळी. नट घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. सैल टर्मिनल तापतं आणि बॅटरी भरत नाही.

इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते. ट्यूब्युलर बॅटरीला ट्यूब्युलरच निवडा. चुकीच्या सेटिंगवर बॅटरी अर्धवट भरते किंवा उकळते.

दुसरं बटण यूपीएस आणि नॉर्मल असं असतं, आणि आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या आसपास खाली आलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं, तेव्हा लाईट असूनही बॅटरी उतरत राहते आणि भरत नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या पट्ट्यात "लाईट असते तरी इन्व्हर्टर संपतो" अशी तक्रार असेल तर आधी हे बटण बघा. नॉर्मल मोडमध्ये तो १०० व्होल्टच्या जवळपास येईपर्यंत मेनवर राहतो. घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर नसेल तर नॉर्मलवरच ठेवा.

पहिल्यांदा दहा-बारा तास नुसतं चार्ज होऊ द्या. त्या वेळात लाईट गेली तरी भार टाकू नका.

पायरी ८ : उन्हाळ्याआधी एकदा चाचणी

बॅटरी पूर्ण भरलेली असताना, घरी असाल अशा एखाद्या संध्याकाळी इन्व्हर्टरचं इनपुट बंद करा आणि रात्रीच्या यादीतला भार चालू करा. घड्याळ लावा. पहिल्या दहा मिनिटांनी टर्मिनलजवळची वायर हाताच्या पाठीने बघा; गरम लागली तर नट सैल आहे किंवा वायर बारीक आहे. घरात फिरून कोणता नको असलेला पॉइंट चालू राहिला ते पाहा. स्वयंपाकघरातला मिक्सरचा सॉकेट किंवा बाथरूमचा गिझर या लाईनवर निघालेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

लो बॅटरीची शिट्टी वाजली की थांबवा आणि वेळ भिंतीवर लिहून ठेवा. दरवर्षी मार्चमध्ये हीच चाचणी केली की बॅटरी किती उतरली ते आकड्यात कळतं.

पायरी ९ : लाईट गेल्यावर

पहिल्या मिनिटात टीव्ही आणि रिकाम्या खोल्यांचे पंखे बंद करा. लाईट किती वेळ नसणार हे कोणालाच माहीत नसतं. जूनच्या सुरुवातीच्या वादळात खांब पडले की रात्र जाते. दुपारी गेली तर कूलर चालवा, पण रात्री आठनंतर गेली तर आधी पंख्यांवर निभावा आणि कूलर झोपताना लावा.

ओव्हरलोडची शिट्टी आली तर एक वस्तू काढा आणि मगच रिसेट करा. भार तसाच ठेवून पुन्हा पुन्हा रिसेट केलं की इन्व्हर्टर जळतो.

लो बॅटरीने इन्व्हर्टर बंद पडला की दहा मिनिटांनी तो परत चालू होतो, आणि लोक पंधरा मिनिटांचा पंखा काढून घेतात. असं करू नका. तळापर्यंत ओढलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि ती बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही. लाईट आल्यावर १५० एएचची बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. रोज तेवढे तासही सलग लाईट मिळत नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली नसणार, हे धरून भार कमी करा.

पायरी १० : पाणी

पुस्तिकेत तीन-चार महिन्यांनी पाणी तपासा असं असतं. मार्च ते जून आपल्याकडे दर महिन्याला तपासा. झाकणांवरचे फ्लोट हिरव्या खुणेपर्यंत आले की थांबा. जास्त भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर सांडतं. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं, फिल्टरचं, आरओचं चालत नाही, त्यात क्षार राहतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कारण बॅटरीतून फक्त पाणी उडालेलं असतं.

भरताना इन्व्हर्टर बंद, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. ॲसिड डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि तसंच डॉक्टरकडे जा. फरशीवर सांडलं तर खायचा सोडा टाकून पुसा.

सहापैकी एकाच कप्प्याचं पाणी सारखं संपत असेल तर तो कप्पा आतून खराब होतोय. दुकानदाराकडून हायड्रोमीटरने सगळे कप्पे तपासून घ्या. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत घनता १.२४० च्या आसपास असते. एक कप्पा इतरांपेक्षा बराच खाली असेल तर वॉरंटी कार्ड शोधा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर घर बंद करून जाणार असाल तर बॅटरी पूर्ण भरा, इन्व्हर्टर बंद करा आणि काळी वायर काढून ठेवा. परत आल्यावर आधी पाणी बघा, मग वायर जोडा, मग रात्रभर चार्ज. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वजा करतो आणि बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती पुनर्प्रक्रियेला जायला हवी. भंगारात फोडलेल्या बॅटरीचं शिसं आणि ॲसिड शेवटी कुणाच्या तरी विहिरीतच उतरतं.